नऊ विल्यम फ्लेट

बाबांचा शेवटचा साधा दिवस गुरुवार होता, आणि तो आम्ही बटाट्यांच्या सालींवरून वाद घालण्यात घालवला. ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून सूपासाठी बटाटे सोलत होते. मी म्हणाले, साल फार जाड निघतेय, अर्धा बटाटा बादलीत जातोय. ते म्हणाले, शहाऐंशी वर्षांच्या माणसाने कशी साल काढावी याबद्दल अ‍ॅबर्डीनच्या वाचनालयात पुस्तक असेल तर पुढच्या खेपेला घेऊन ये.

मग ते थोडे थांबले आणि सुरी हवेत धरून म्हणाले, "माझ्या आजोबांच्या होडीचं तुला सांगितलं होतं का?"

"सांगितलंय, बाबा."

"धुक्यातलं?"

"धुक्यातलंच. माझी बस आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढचा बटाटा घेतला.

बस दर तासाला, तासावर दहा मिनिटं झाली की असते. म्हणजे मी तेव्हाची गाठली नसती तर तासाभराने दुसरी होतीच. हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही. पण होडीची गोष्ट सुरू झाली की मला बस असायची, ही आमच्या घरातली जुनी व्यवस्था होती. लहानपणी बस नव्हती, तेव्हा गृहपाठ होता.

शुक्रवारी आठ वाजले तरी त्यांचा पडदा उघडला नाही, म्हणून शेजारच्या क्रिसीकाकूंनी आपल्याकडची किल्ली काढली. झोपेतच गेले होते. काकूंनी मला फोनवर एवढंच सांगितलं की सूप उरलंय, ते मी फ्रिजमध्ये ठेवलंय.

टेबलाच्या खणात एक पाकीट सापडलं. वर लिहिलं होतं, ‘माझ्यानंतर’. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात आठ दोऱ्यांनी सोडतात. दोऱ्यांना नंबर असतात, आणि कोणी कुठली धरायची हे आधी ठरवून प्रत्येकाला कार्ड देतात. एक नंबरची दोरी डोक्याकडची, सगळ्यात जवळच्या माणसाची. यावरून पोर्टगारी या आमच्या गावात घराघरांत अबोले झालेले आहेत. बाबांनी भांडणाला जागाच ठेवली नव्हती. आठही नावं लिहून ठेवली होती. पहिलं असं:

‘१. मीना. (बस चुकली तरी चालेल.)’

खाली एक ओळ होती: ‘मला माझ्या आजोबांच्या जागेत ठेवा. दाखला माझ्या आईच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सगळं सोपं आहे.’

माझी आई मी लहान असतानाच गेली. तिला तिच्या इच्छेप्रमाणे ऑर्कनी बेटांवर, तिच्या माहेरच्या माणसांत ठेवलं होतं. बाबांनाही आपल्या माणसांत जायचं होतं. यात अवघड काहीच नव्हतं. मी तीस वर्षं वाचनालयात नोकरी केलेली बाई. कागदपत्रांना मी घाबरत नाही.

डबा उघडला. दाखला होता. १९२१ सालचा, जाड कागदाचा. ‘पोर्टगारी दफनभूमीतील जागा, मालक विल्यम फ्लेट’, आणि त्यापुढे एक खिडकी. म्हणजे कागदाला चौकोनी भोक. त्यातून मला समोरची किटली दिसत होती. जागेचा नंबर दाखल्याच्या मागच्या बाजूला असतो असं खाली छापलेलं होतं. मी कागद उलटला. मागच्या बाजूला नंबर जिथे असायला हवा होता, बरोबर तिथे तीच खिडकी होती.

"उंदीर," मी म्हणाले.

क्रिसीकाकूंनी कागद उजेडात धरला. "काटकोनात कुरतडणारा उंदीर मी पाहिला नाही गं," त्या म्हणाल्या, आणि चहा करायला गेल्या. त्या इतका वेळ चहा करत राहिल्या की मला संशय यायला हवा होता.

सोमवारी अंत्यविधीची व्यवस्था करणारे रिडक आले. काळा सूट, हलका आवाज. शुक्रवारी अकराची वेळ ठरली. जागेचं विचारल्यावर मी खिडकी दाखवली. त्यांनी ती पाहिली, खोकले, आणि म्हणाले, "कचेरीतल्या वहीत सगळं असतं. तुम्ही फक्त घराण्याचं टोपणनाव सांगायचं."

"आमच्यात टोपणनाव नाही."

रिडक दुसऱ्यांदा खोकले. "असं," ते म्हणाले.

आता हे सांगितलं पाहिजे की पोर्टगारीत जुन्या घराण्यांची आडनावं तीनच आहेत, फ्लेट, स्मिथ आणि लव्ही. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, हा नियम कोणी मोडल्याचं ऐकिवात नाही. एका विल्यमला तीन मुलगे झाले आणि त्या तिघांना एकेक मुलगा झाला, की गावात तीन नवे विल्यम. बाबा विल्यम होते, त्यांचे वडील आणि आजोबाही विल्यम. त्यांच्या पोटी मुलगी आली, तरी नियम तो नियम, म्हणून नावाला शेपूट लावून मी विल्यमिना. तर माणसं ओळखू यावीत म्हणून गावाने प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव दिलं, आणि ते शाळेच्या हजेरीत, होड्यांच्या नोंदीत, दफनभूमीच्या वहीत, सगळीकडे नावापुढे शाईने लिहिलं. मात्र ते त्या माणसाच्या तोंडावर उच्चारायचं नाही. पाठीमागे सगळं गाव म्हणेल, पण तोंडावर म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. मी वाढले अ‍ॅबर्डीनमध्ये. बाबा निवृत्त झाल्यावर एकटेच गावी परतले. आमच्या घरात असं काही नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि आपल्याला नाव ठेवण्यासारखं गावाला काही सापडलं नसेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

कचेरीत पेट्रीबाई होत्या. त्यांनी वही काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि वही आपल्याकडे वळवून धरली.

"विल्यम फ्लेट नऊ आहेत."

"एकोणीसशे एकवीसमधले?"

"एकोणीसशे एकवीसमधलेच. त्या वर्षी दफनभूमी वाढवली. नवी भिंत झाली आणि सगळ्या गावाने एकाच शनिवारी जागा घेतल्या." त्यांनी चष्मा लावला. "तुमचं घराणं कुठलं? पाद्री, राजा, बदक, बोका, खेकडा, शिट्टी, उद्या, पाव की चऱ्हाट?"

"उद्या?"

"ते कुठलंही काम उद्या करायचे."

"आणि चऱ्हाट?"

"बोलायला लागले की दोर संपायचा नाही," पेट्रीबाई वहीकडे बघत म्हणाल्या.

मला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. "बिचारे," मी म्हणाले. "त्यांच्या पोराबाळांना केवढी लाज वाटत असेल."

पेट्रीबाईंनी टेबलावरचा शिक्का उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

"तुमच्या वहीत बघून तुम्हीच सांगा ना कुठलं ते," मी म्हणाले.

"नाव अर्जदाराने सांगायचं आणि मी पडताळायचं. मी सांगायचं आणि अर्जदाराने मान डोलवायची, असं नसतं." मग आवाज खाली आणून, "आणि बाई, मी तरी कसं सांगू?"

बाहेर येऊन मी दफनभूमीत गेले. निम्मे दगड पडू नयेत म्हणून आडवे केलेले, आणि उरलेल्यांवरची अक्षरं समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेली. गावी परतण्याआधी बाबा दर जूनच्या पहिल्या रविवारी अ‍ॅबर्डीनहून इथे फुलं ठेवायला यायचे. तेव्हा माझ्याकडे गाडी होती. मीच त्यांना आणायची आणि भिंतीबाहेर गाडीत पुस्तक वाचत बसायची. त्या वीस वर्षांत माझी मोठमोठी पुस्तकं वाचून झाली. बाबा कुठल्या दगडापाशी उभे राहायचे हे मात्र मी एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

तिथे गवत कापणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "विली फ्लेट? ते सगळीकडेच उभे असायचे. जो भेटेल त्याच्याशी बोलत."

गावात बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. पोस्टातल्या बाईने सांगितलं की जनगणनेचे कागद बघ. पावाच्या दुकानात कोणी म्हणालं की चर्चच्या जुन्या वह्या बघ, त्यात कोणाची पोरं लग्नाआधी झाली तेही असतं. ते मी बघितलं, आणि एका खापरपणजीबद्दल मला नको तेवढी माहिती मिळाली. ती प्रायश्चित्त म्हणून तीन रविवार चर्चमध्ये सगळ्यांसमोर चौरंगावर उभी राहिली होती, आणि तिसऱ्या रविवारी तिने पाद्र्याला उलट प्रश्न विचारला, तो पाऊण तास चालला, असं वहीत लिहिलं होतं. तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सल्ला सगळे देत होते. नाव कोणी देत नव्हतं. मी विचारलं की लोक पावाकडे बघायचे.

मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत ऑगिल्वी मास्तर लोकांना वंशवृक्ष काढून देतात. मी डब्यातल्या वस्तू घेऊन गेले. पणजोबांचं बायबल, त्यावर त्यांची सही, आणि रविवारी होडी पाण्यात घालणार नाही असं त्यांनी बंदराच्या समितीला लिहिलेलं सहा पानी पत्र.

"हे स्पष्टच आहे," मी म्हणाले. "पाद्री."

"बायबल सगळ्यांकडे होतं," मास्तर म्हणाले. "रविवारी समुद्रात कोणीच जात नव्हतं."

"पण सहा पानं लिहिलीत."

"हो," मास्तर म्हणाले. "सहा पानं खरी." त्यांनी पत्र परत पाकिटात घातलं आणि टेबलावर दोन बोटं वाजवत बसले. "मीना, घाई करू नकोस. अजून कोणी म्हातारं माणूस आहे का तुमच्यात?"

जेसीआत्या होती, बाबांची बहीण, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. पण मला म्हाताऱ्या माणसांची आठवण नको होती. मला पुरावा हवा होता. शिवाय खरं सांगायचं तर पाद्री हे नाव मला आवडलं होतं. बुधवारी मी अर्जावर शाईने ‘पाद्री’ लिहिलं. पेट्रीबाईंनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." त्यांनी अर्ज घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "हरकत आली तर कळवीन."

हरकत गुरुवारी सकाळी आली. रिडकांचा फोन. मी दफनभूमीत गेले तर पाद्र्यांच्या जागेवर एक घडीची खुर्ची होती, खुर्चीत क्रिसीकाकू, मांडीवर घोंगडी, बाजूला चहाचा थर्मास. खणणारा माणूस फावड्यावर रेलून बिस्किट खात होता. बिस्किटही काकूंनीच दिलेलं.

"काकू, इथे काय करताय?"

"बसलेय."

"उद्या इथे—"

"उद्याही बसणार आहे. थर्मास मोठा आहे." त्यांनी मला कप भरून दिला. "ही माझ्या बापाची जागा आहे, मीना. लव्ही मी लग्नानंतरची. माहेरची मी फ्लेट, पाद्र्यांची. खाली बाप आहे, आई आहे, आणि वर एक जण मावेल, ती मी. विली फार चांगला माणूस होता. वीस वर्षं माझं कुंपण त्याने रंगवलं. पण माझ्या आईबापांच्या डोक्यावर तो नको. तो बोलत बसेल."

मी घोट घेतला. चहा गरम होता.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे? तू मला उंदीर म्हणून सांगितलंस."

"मग आमची जागा कुठली?"

"ते मी तुझ्या तोंडावर सांगू?" काकूंचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "तुझा बाप अजून खाली गेला नाही, आणि मी त्याच्या लेकीला नाव घेऊन बोलू?"

"काकू, उद्या अकरा वाजता लोक येणार आहेत. मी बाबांना ठेवायचं कुठे?"

हे बोलताना माझा आवाज फाटला. गेल्या आठवडाभरात तो कुठेच फाटला नव्हता. मृत्यूचा दाखला घेताना नाही, त्यांचे चपला-बूट पिशवीत भरताना नाही. खणणारा माणूस उठून भिंतीकडे गेला.

क्रिसीकाकूंनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "जेसीकडे जा," त्या म्हणाल्या. "आणि मीना, बसून ऐक. उभ्याने नको."

जेसीआत्या खिडकीशी बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पाठ ताठ. मी खिडकी पडलेला दाखला तिच्या पुढ्यात ठेवला. तिने भोकावरून बोट फिरवलं, ओळखीच्या माणसाच्या गालावरून फिरवावं तसं.

"आईची कात्री," ती म्हणाली. "शिवणाची. आई एल्गिनची ना, शहरातली. लग्न होऊन आली आणि तिला कळलं की गाव आपल्याला काय म्हणतं. एका संध्याकाळी डबा घेऊन बसली आणि प्रत्येक कागदातून ते नाव कापलं. मागे काय लिहिलंय ते बघितलंच नाही. कापलेले तुकडे चुलीत."

"नाव काय होतं, आत्या?"

"ते नाही सांगता येणार. आईने आम्हा दोघांना बायबलवर हात ठेवायला लावला होता."

"आजीला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली."

"बायबल आहे अजून."

मी बसले. घड्याळात सव्वातीन. कचेरी साडेचारला बंद. आत्याने माझा हात हातात घेतला आणि बाहेर समुद्राकडे बघितलं.

"विलीने तुला आमच्या आजोबांच्या होडीचं सांगितलं होतं का गं?"

‘सांगितलंय’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पन्नास वर्षांची सवय ती. पण बस नव्हती, गृहपाठ नव्हता, आणि काकूंनी बसून ऐक म्हणून सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

आत्या खुर्चीत सावरून बसली. तिचा आवाज बदलला. तो तिचा राहिला नाही, बाबांचा झाला. तेच शब्द, तेच थांबणं. ऑगस्टमधली पहाट, हेरिंग माशांचे दिवस, आणि धुकं असं की आजोबांना स्वतःच्या हातातलं वल्हं दिसेना. बारा मैलांवर काठ, पण कुठल्या दिशेला ते कोणालाच कळेना. मध्येच आजोबांच्या पायांतल्या मोज्यांची हकीकत आली, मोजे कोणी विणले, तिच्या बहिणीचं लग्न कुठे झालं, तिथल्या विहिरीचं पाणी कसं होतं. पावणेचार झाले. मग होडी परत धुक्यात आली. आणि त्या धुक्यातून कोणीतरी हाक मारली, "विल्यम फ्लेट".

"आणि सहा होड्यांनी ओ दिली," आत्या म्हणाली. "सहा. एकेकीत एक विल्यम फ्लेट. सगळे म्हणतात, मी इथे आहे, मी इथे आहे. कोणाला बोलावलंय तेच कळेना. आणि मग सातवी होडी—"

दार उघडून रोना आत आली. तिथे काम करते, गावातलीच. हातात गोळ्यांचा ट्रे. आत्याचा सूर ऐकून ती हसत म्हणाली, "झालं का फ्लेटबाईंचं चऱ्हाट सुरू?"

मग तिने मला पाहिलं. तिने मोकळा हात तोंडावर नेला आणि तिथेच ठेवला.

जेसीआत्या हळूच खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की जणू ऐंशी वर्षं हातात धरलेलं ओझं कोणीतरी उतरवून ठेवलंय.

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "रोना, तू साक्षीला आहेस. मी नाही सांगितलं."

मी तिथे बसून राहिले. सोमवारी कचेरीत मी कोणाच्या पोराबाळांची कीव केली ते आठवलं. मग सहा पानी पत्र आठवलं, आणि चौरंगावरची पाऊण तास बोलणारी खापरपणजी. आणि वाचनालयातला माझा निरोप समारंभ. तिथे प्रमुख म्हणाले होते, मीनाबाईंनी दोन शब्द बोलावेत, आणि आपल्याला साडेपाचला हॉल सोडायचा आहे. तेव्हा मला वाटलं होतं की त्यांना हॉलची काळजी आहे. वाचकाला इथवर आल्यावर हे वेगळं सांगायला नकोच.

रोनाने मला तिच्या गाडीतून कचेरीत सोडलं. वाटभर तिने माझी माफी मागितली, आणि मी वाटभर तिचे आभार मानले. पोहोचले तेव्हा चार पंचवीस झाले होते.

"पाद्री नाही," मी पेट्रीबाईंना म्हणाले. धाप लागली होती. "आम्ही चऱ्हाट."

"नोंदीसाठी जरा मोठ्याने."

मागे दोन माणसं कुत्र्याच्या परवान्यासाठी उभी होती.

"चऱ्हाट," मी मोठ्याने म्हणाले. "माझं घराणं चऱ्हाट."

पेट्रीबाईंनी शिक्का मारला. इतका जोरात की पेन उडालं. "सत्तेचाळीस. उत्तरेची भिंत, कोपऱ्यापासून तिसरी. खणणारा तिथे दुपारपासून बसलाय. मी त्याला थांबायला सांगितलं होतं." मग त्यांनी वही माझ्याकडे वळवली, आठवड्यात पहिल्यांदा, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "माहेरचे आम्ही बदक," त्या हळूच म्हणाल्या. "माझे आजोबा. चालताना बघाल तर कळेल." आणि मी तोंडावर बोलले हे बरोबर झालं का, अशा नजरेने माझ्याकडे बघू लागल्या. मी त्यांचा हात धरला. मागची माणसं शिस्तीत खाली बघत होती.

शुक्रवारी अकरा वाजता सगळं गाव उत्तरेच्या भिंतीशी होतं. वारा होता, पाऊस नव्हता. सत्तेचाळीस नंबरचा दगड रात्रीतून कोणीतरी सरळ उभा केला होता. कोणी ते मला आजवर कळलेलं नाही. रिडकांनी हलक्या आवाजात नंबर पुकारले. आत्या चाकाच्या खुर्चीत, दोन नंबर. क्रिसीकाकू पाच नंबर, हातमोजे घालून. पूर्वी दोऱ्या पुरुषच धरायचे, पण बाबांनी यादी केलेली होती, तेव्हा कोणी काही बोललं नाही. मी एक नंबर.

पेटी अपेक्षेपेक्षा जड होती. दोरी हातातून सरकत गेली, आणि मग एकदम हलकी झाली. बाबा आपल्या माणसांत पोहोचले. मला वाटलं होतं की तेव्हा मला रडू येईल. तसं झालं नाही. आठवडाभर श्वास कुठेतरी वर अडकला होता, तो खाली आला एवढंच.

"बरोबर जागी पडला," क्रिसीकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "आता त्या सगळ्यांना कंटाळा नाही येणार."

लोक चहाला हॉलकडे निघाले. रिडकांनी विचारलं, थांबू का. मी नको म्हणाले. आत्याची खुर्ची ढकलत रोना गेली, आणि आत्या जाता जाता तिला सांगत होती की मोज्यांचं राहिलंच.

भिंतीपलीकडून बारा दहाची बस गेली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी पाहिली. सातव्या होडीचं आत्याला विचारता आलं असतं. विचारीनही, हॉलमध्ये गेले की लगेच. पण आधी बाबांना विचारायचं होतं. मी सत्तेचाळीस नंबरच्या दगडाला टेकून बसले. ओल्या गवतावर, चांगल्या काळ्या स्कर्टमध्ये.

"मग सातवी होडी, बाबा," मी म्हणाले. "पुढे काय झालं?"